पारा उतरला तरी सावली काढू नका

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात रोज तापमानाचा आकडा ठळक छापला जातो आणि त्यावरूनच गोठ्यापुढची शेडनेट कधी बांधायची, कधी सोडायची ते ठरते. पण जनावराला नुसता पारा बाधत नाही, हवेतला दमटपणाही बाधतो.

तापमान-आर्द्रता निर्देशांक काढून पाहा. मालेगावकडची मे महिन्यातली कोरडी दुपार, ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता: निर्देशांक सुमारे ८४. पावसाच्या तोंडावर ३२ अंश आणि ७० टक्के: तोही ८४च! दुभत्या संकरित गाईला ७२ च्या पुढेच ताण सुरू होतो. अशा उष्म्यात घाम आणि श्वासातला ओलावा वाफ होऊन उडतो, मुख्यतः त्यानेच अंगातली उष्णता बाहेर पडते. दमट हवेत तो नीट उडत नाही. अशात नेट गुंडाळली की उन्हाचा मारा थेट पाठीवर. या निर्देशांकात ऊन धरलेलेच नसते, हे विशेष. वळवाच्या वाऱ्याने नेट फाटते ही अडचण खरी. त्यासाठी कडेने दोरी ओवून एका बाजूने झटकन सोडता येईल अशी ती बांधावी.

छपराचेही तेच. आठ फुटांवरचा उघडा पत्रा म्हणजे जनावराच्या डोक्यावर तवा. वळचण दहा फूट, आढे त्याहून उंच आणि आढ्याशी गरम हवेला वाट हवी. पत्र्यावर उसाचे पाचट किंवा निदान चुन्याचा हात द्यावा. गाईमागे ३.५ चौरस मीटर छप्पर धरावे. दाटीत वारा अडतो, शिवाय एकाच सावलीत चिखल होऊन कासदाह मागे लागतो.

सर्वांत मोठी चूक फॉगरची, म्हणजे धुक्यासारखे बारीक तुषार सोडणाऱ्या यंत्राची. एप्रिलच्या कोरड्या हवेत तो छान चालतो. जूनमध्ये बंदिस्त गोठ्यात तोच आर्द्रता वाढवतो. ओल्या गोणपाटांचे पडदेही तसेच. तेव्हा मोठ्या थेंबांनी कातडीपर्यंत एक-दोन मिनिटे भिजवावे, मग दहा-बारा मिनिटे नुसता पंखा. काळ्या कातडीच्या, कमी घाम येणाऱ्या म्हशीला तर हे हवेच.

कुशीची हालचाल मोजा. मिनिटाला साठच्या वर श्वास गेले, तर तापमापक काहीही म्हणो, सावली अपुरी आहे.

एक विनंती: हवामान खाते सायंकाळी साडेपाचची आर्द्रताही नोंदवते. कमाल तापमानाशेजारी तोही आकडा रोज छापावा.

आपले,
सिन्नर तालुक्यातील काही दूध उत्पादक, जि. नाशिक