ओतूरच्या अलीकडे एक तास

नगर,
शनिवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय बाळ्या,

सलाम.

आठ महिने पत्र नाही, फोन केलास की ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणून ठेवतो, रिटायर होऊन वर्ष झालं तरी. सगळं मान्य. शिव्या साठवून ठेव, भेटल्यावर एकदम घाल. तब्येत बरी आहे. शुगर आहे तिथेच आहे, गुडघा पायरीगणिक हजेरी देतो, दाढ काढली.

गेल्या रविवारचं तुझ्या कानावर आलंच असेल. आपल्या मंडळीतली बातमी नाशिकला पोचायला एसटी लागत नाही. तुला कळलं असेल की पिंट्याला उपासनेत चक्कर आली. चक्करबिक्कर काही नाही रे. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे मध्यस्थीची प्रार्थना मला सांगितली. मी उभा राहिलो, ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ म्हणालो, आणि पुढे काही नाही. शब्द सापडत नव्हते असं नाही, हं. माझ्याकडे शब्द कधी कमी पडलेत? तोंड उघडावंसंच वाटेना. लोकांना आधी वाटलं, गहिवरून आलं. मग खोकले सुरू झाले. पेटीवाल्याने मला आधार म्हणून हळूच एक सूर धरला आणि थोड्या वेळाने घाबरून सोडून दिला. 1831 पासून नगरात मिशन आहे. एवढी शांतता आपल्या लोकांनी पहिल्यांदाच ऐकली असेल. शेवटी बायको बायकांच्या बाजूने उठून पाण्याची बाटली घेऊन आली, तेव्हा मी ‘आमेन’ म्हणून खाली बसलो. सोमवारी ईसीजी. नॉर्मल. डॉक्टर म्हणाला, गॅस.

हस. हसून झालं की पुढचं वाच, कारण हे मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही.

दादांची बुलेट मी चालू करून घेतली. हो, तीच, जिच्या टाकीवर बसून तू पाय भाजून घेतला होतास. नऊ वर्षं पडवीत ताडपत्रीखाली होती, कोंबडीने सीटखाली अंडी घातली होती. मिस्त्रीने तीन महिने घेतले आणि पैसे विचारू नकोस. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, पहिला गिअर वर आणि बाकीचे खाली. तीस वर्षं स्प्लेंडर चालवलेल्या माणसाचं काय होतं? ब्रेक मारायला जातो आणि गिअर पडतो. कोठल्यात एका भाजीवाल्या मावशीने मला जे ऐकवलं ते उपासनेत सांगण्यासारखं नाही. किक मारायची तर अँपिअरचा काटा मधोमध येईपर्यंत पाय हळूहळू दाबायचा, डीकॉम्प, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारी कळ, ओढून किंचित पुढे सरकवायचं, आणि मग एकच किक. घाई केली की ती उलटी किक देते. माझ्या पिंढरीवर अजून हिरवंनिळं आहे.

तर दर शनिवारी पहाटे मी तिला घेऊन कल्याण रोडला लागतो. बायकोला सांगतो, प्रार्थनेला जातो. खोटं नाही ते. हेल्मेट घातलं की आत आपण आणि देव, तिसरं कुणी नाही. सुरुवातीला मी मोठमोठ्याने बोलायचो. हिची शुगर, पोराची नोकरी, पुतणीचं लग्न, नळाला पाणी, मंडळीची निवडणूक, सगळं क्रमाने. भाळवणीपर्यंत यादी संपायची. टाकळी ढोकेश्वरला दुसऱ्यांदा सुरू व्हायची. एकदा तर ‘वरील विषयास अनुसरून’ असं तोंडात आलं होतं, तुझी शपथ. तू म्हणायचास ना, हा प्रार्थना करत नाही, अर्ज देतो आणि पोच मागतो.

मग मिस्त्रीने खोड मोडली. गाडीतून टिकटिक येते अशी तक्रार घेऊन गेलो होतो. कधीपासून येते, कुठल्या स्पीडला येते, मला काय वाटतं, सगळं सांगत होतो. त्याने एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, पातं इंजिनला टेकवलं, लाकडी मूठ कानाच्या भोकाशी धरली आणि डोळे मिटले. मी बोलतोच आहे. तो डोळे न उघडता म्हणाला, “साहब, आप चुप बैठो तो ये बोलेगी.” मग मूठ माझ्या कानाला लावली. बाळ्या, काय सांगू! बाहेरून नुसती धडधड ऐकू येते ना, आत सगळं वेगवेगळं असतं. चेनसारखी एक घरघर, घड्याळासारखा एक ठोका, आणि त्यांच्या मागे, अगदी बारीक, काहीतरी सैल असल्याची टिकटिक. ती सतत तिथे होती. माझं तोंड चालू होतं म्हणून ऐकू येत नव्हती.

त्या दिवसापासून हेल्मेटमध्ये मी गप्प. संडे स्कूलमध्ये आपल्याला शिकवलं, डोळे मिटा, हात जोडा. इथे डोळे मिटले तर थेट स्वर्गीय पित्याच्या घरी, आणि हात हँडलवर. मिस्त्री आणखी एक सांगतो, खड्ड्याकडे बघू नका, गाडी जिकडे बघाल तिकडेच जाते. आणि मी चाळीस वर्षं देवाला काय वाचून दाखवत होतो? खड्ड्यांची यादी.

असो. मूळ गोष्ट त्याआधीच्या शनिवारची. आळेफाटा सोडून ओतूरच्या अलीकडे पुन्हा टिकटिक. माळशेजला जायचं होतं, वर ढगही छान आले होते. बाजूला घेतली, स्क्रू-ड्रायव्हर लावला. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारा भाग, सैल. आता टॅपेट गरम इंजिनवर बघायचा नसतो, पार थंड होऊ द्यावं लागतं. मग पिस्टन वर आणून पुशरॉड, म्हणजे त्याची दांडी, दोन बोटांत धरायचा. तो फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. म्हणजे तास तरी बसणं आलं. बाभळीखाली बसलो. मोबाइलला रेंज नाही. कांद्याच्या गाड्या जात होत्या. एक बाबा सायकल थांबवून सांगून गेले, “बिबट्याचा भाग हाय, दिवस मावळायच्या आत निघा.” सकाळचे साडेनऊ वाजले होते.

म्हटलं, देवा, बोल आता. वेळच वेळ आहे. एलीयाला वाऱ्यात, भूकंपात, अग्नीत नव्हता भेटला आणि मग मंद वाणी आली, तसं काहीतरी. कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीत कुणी अनोळखी साहेब भेटतो आणि हातात नवा करार ठेवतो. मला निदान ओतूरला एखादा विचार तरी दे. काही नाही. इंजिन थंड होताना टक् टक् करत होतं तेवढंच.

आणि मग, का कोण जाणे, डाव्या हाताची बाही आठवली.

2011. तुझ्या अप्पांची माती. तू विसरला नसशील, मीही नाही. मी कबरेपाशी प्रार्थना केली बावीस मिनिटं, हा आकडा तुझाच. आणि फाटकाशी तू मला म्हणालास, “देवाला माहिती पुरवून झाली असेल तर माती टाकू का?” त्यावरून आपण तीन वर्षं बोललो नाही. माझं म्हणणं होतं की तू दुःखात होतास म्हणून सोडून दिलं. (सोडलं नव्हतं. बायकोला विचार.) पण त्या बाभळीखाली मला तुझं वाक्य नाही आठवलं. मावशी माझ्या डावीकडे उभी होती. प्रार्थना चालू असताना तिने माझी बाही ओढली. दोनदा. मला वाटलं, हुंदका आवरत नाहीये, आधार घेतेय. मी आवाज आणखी चढवला. आत्ता, इतक्या वर्षांनी, ती ओढ मला मनगटाशी अगदी स्पष्ट जाणवली, आणि लक्षात आलं की तो आधार नव्हता रे. तिला काहीतरी म्हणायचं होतं. तिच्या नवऱ्याची माती, आणि मी तिला बोलू दिलं नाही.

तेव्हापासून हेच चाललंय. हा देव होता, की माझंच मन? पाळकसाहेबांना विचारलं असतं तर त्यांनी पुढच्या रविवारी त्यावर तीन मुद्द्यांचा उपदेश केला असता. बलामाची गाढवी तीनदा अडली तेव्हा बलामाने तिला तीनदा मारलं, मागाहून तिलाच तोंड फुटलं. माझी गाढवी एकदाच अडली आणि तिला तोंड फुटलं नाही. देवाचा आवाज असता तर काहीतरी नवीन सांगितलं असतं ना? हे तर माझ्याजवळच होतं. पण ती टिकटिकही माझ्याजवळच होती की. आणि नुसती अपराधाची टोचणी म्हणावं, तर टोचणी मला चांगली ओळखीची आहे. ती बडबडी असते, माझ्यासारखीच, सारखी कारणं देते. हे गप्प होतं. बाही ओढली, बस. रविवारी ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ म्हणालो आणि तीच जागा पुन्हा ओढली गेली. मग कसा बोलणार?

शमुवेलाला रात्री हाक आली तर तो तीनदा म्हाताऱ्या एलीकडे धावला, तुम्ही बोलावलंत का म्हणून. मी तुझ्याकडे धावतोय. तुझे केस पाहता एली शोभतोस.

बाकी तुझं कसं आहे? प्लॉटचं काय झालं? धाकटीचा निकाल लागला का? वहिनींना सलाम, त्यांचं लोणचं संपलं हे कळव. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलू नकोस, मागच्या वेळी रिक्षेच्या मीटरवर 58 ऐवजी 88 वाचून पैसे दिलेस. मिस्त्री म्हणतो नाशिकपर्यंत गाडी आरामात जाईल. टॅपेट मी त्याच दिवशी रस्त्यावरच बसवला, स्वतः. पुशरॉड फिरत होता, हलत नव्हता.

एक काम कर. मावशीला उजव्या कानाने अजून थोडं येतं म्हणालास ना? त्या बाजूला बस, आणि विचार, त्या दिवशी पिंट्याची बाही ओढलीस तेव्हा काय म्हणायचं होतं. एकदा विचारलंस की गप्प बस. तिला आठवायला वेळ लागेल, मध्ये बोलून मदत करू नकोस. विसरली असेल तर तेही कळव.

तुझा,
पिंट्या

ता.क. उद्याची प्रार्थना पाळकसाहेबांनी दुसऱ्याला दिली आहे. बायको म्हणते, चला, देवाने एकदाचं ऐकलं.