सहाव्या जागेवरचं अमिनो आम्ल

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुम्ही आम्हा मायलेकींना जे समजावलंत ते सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या प्रत्येक घरात पोचायला हवं असं मला फार वाटतं, आणि आपल्या विदर्भात अशी घरं थोडी नाहीत.

मुलीचा रिपोर्ट ‘एसएस पॅटर्न’, म्हणजे सिकलसेल आजार असल्याचा, आला तेव्हा काय करायचं ते आम्हांला सांगितलं गेलं. भरपूर पाणी, थंडीपासून जपणं, फॉलिक ॲसिड, पुढे हायड्रॉक्सियुरिया हे औषध. का करायचं, ते कुणी सांगितलं नाही. मुलगी कळती झाल्यावर नेमकं तेच विचारायला लागली. नातेवाइकांकडे उत्तरं तयार होती: माझं गरोदरपणातलं खाणं, नाहीतर माझ्या माहेरचं रक्त. तुम्ही मात्र तिचा प्रश्न ऐकलात आणि कागद घेऊन तिच्याशेजारी बसलात.

आधी तुम्ही प्रथिनाच्या साखळीतला एक मणी, म्हणजे एकच अमिनो आम्ल काढलंत. मधे कार्बन, एका हाताला अमिनो गट, दुसऱ्या हाताला कार्बॉक्सिल गट, तिसऱ्याला हायड्रोजन आणि चौथ्याला ‘आर’. हा आर बदलला की अमिनो आम्ल बदललं. ग्लायसीनमध्ये तिथे नुसता हायड्रोजन असतो. आपली प्रथिनं मुख्यतः अशा २० प्रकारांतून बनतात. एकाचा कार्बॉक्सिल दुसऱ्याच्या अमिनोशी जुळताना पाण्याचा रेणू सुटतो आणि पेप्टाइड बंध तयार होतो, हे पोरीने स्वतः काढून दाखवलं. बारावी आर्ट्स झालेल्या मलाही ते कळलं, मॅडम.

साखळी सरळ राहत नाही, हे त्याच्या पुढचं. हायड्रोजन बंधांमुळे तिचे वेढे पडतात, मग ती घडी घालते. पाणी टाळणारे आर बहुतेक आत जातात, विद्युतभार असलेले बाहेर पाण्याकडे राहतात. हिमोग्लोबिन, म्हणजे तांबड्या पेशीतलं ऑक्सिजन वाहणारं प्रथिन, त्यात अशा चार साखळ्या: १४१ अमिनो आम्लांच्या दोन अल्फा, १४६ च्या दोन बीटा.

मग बीटा साखळीतल्या सहाव्या जागेवर तुम्ही बोट ठेवलंत. तिथे ग्लुटामिक आम्ल असतं, ऋण भाराचं, पृष्ठभागावर, पाण्यात सुखाने राहणारं. माझ्या लेकीच्या हिमोग्लोबिनात तिथे व्हॅलीन आहे. त्याचा आर निव्वळ कार्बन-हायड्रोजनचा, पाण्याला नको असलेला. पाण्यावरचे तेलाचे थेंब एकमेकांना जाऊन चिकटतात तसं हे व्हॅलीनही जागा शोधतं. हिमोग्लोबिनाने ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार बदलतो, आणि शेजारच्या रेणूवर त्या व्हॅलीनला बसेल अशी खाच मिळते. एकाला एक जोडत लांब तंतू होतात. तांबडी पेशी ताठरते, विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते. लेकीच्या हाडांत जे दुखतं, ते हे.

त्या दिवसापासून आमच्या घरात पाण्याची बाटली ही सक्ती राहिली नाही. पेशीतलं पाणी कमी झालं की हिमोग्लोबिन दाटतं आणि तंतू फार लवकर बनतात, हे तिला माहीत आहे. ती स्वतःच पिते. हायड्रॉक्सियुरियाने गर्भातलं हिमोग्लोबिन वाढतं आणि ते त्या तंतूंत नीट बसत नाही, हेही तिला ठाऊक आहे. ते गर्भातलं हिमोग्लोबिन अंगात असताना, जन्मानंतरचे पहिले काही महिने, ती ठणठणीत का होती, याचं उत्तर मला तिथेच मिळालं.

रिपोर्टवरच्या ‘इलेक्ट्रोफोरेसिस’ या शब्दामागची गोष्टही तुम्ही सांगितलीत. १९४९ मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सिकलसेलचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळं सरकतं, कारण त्याच्यावरचा भार वेगळा. मग केंब्रिजमध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी ट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या विकराने हिमोग्लोबिनाचे तुकडे पाडून ते कागदावर पसरले, तुकड्याला तुकडा ताडून पाहिला, आणि १९५७ मध्ये फरक एका अमिनो आम्लाचा आहे हे सिद्ध केलं. आमच्या हातातल्या त्या कागदामागे एवढी माणसं राबली आहेत हे ऐकून मला भरून आलं होतं.

सर्वांत मोठं ऋण मात्र वेगळंच. ‘अंडी, डाळी जास्त घाल, प्रथिनं वाढली की रक्त सुधारेल,’ असं मला सारखं ऐकवलं जाई. तुम्ही सांगितलंत की खाल्लेल्या प्रथिनांचे पोटात आणि आतड्यात सुटे भाग होतात, आणि पेशी ते स्वतःच्या जनुकातल्या क्रमानेच पुन्हा ओवते. चांगलं खायलाच हवं, पण कुठलंही खाणं त्या सहाव्या जागेवरचं व्हॅलीन काढू शकत नाही आणि कुठल्याही खाण्याने ते तिथे आलेलंही नाही. आम्ही नवरा-बायको दोघंही ‘एएस’, म्हणजे वाहक: एक जनुक नेहमीचं, एक सिकलसेलचं. प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’ असण्याची शक्यता २५ टक्के. हे तुम्ही माझ्या सासूबाईंसमोर, शांतपणे, आकृती काढून सांगितलंत. त्यानंतर घरात माझ्या माहेरचं नाव निघालं नाही. याचे आभार कसे मानू ते मला कळत नाही, म्हणून नुसतं लिहून ठेवतेय.

एक विनंती आहे. माझ्या भाचीचं लग्न ठरतंय. दोघांचीही तपासणी आधी व्हावी असं मी म्हणते, पण मुलाकडचे बिचकतात. तुम्हांला सवड असेल त्या दिवशी त्यांना तुमच्याकडे घेऊन येऊ का?

तुमची शेजारीण