एक्सबॉक्स पाठवण्याआधी

सोलापूर,
रविवार, रात्री

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

आपला गेम खेळायचा एक्सबॉक्स पाठवतोय. शेजारच्या काकांचा मुलगा गुरुवारी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला निघालाय, त्याच्या हाती देतो. परवा फोनवर तू विचारलंस, "अप्पा, हॅलो इन्फिनिटमध्ये रँक्डसाठी, म्हणजे क्रमवारीच्या सामन्यांसाठी, टीम करतोय, एवढा वेळ घालण्यासारखा गेम आहे का? खरं सांगा." तेव्हा मी कारखान्यात होतो आणि मागांच्या खडखडाटात नीट बोलता आलं नाही. तू गेल्यापासून दीड महिना धाकटी आणि मी रोज जेवणं झाल्यावर हाच गेम खेळतोय, म्हणून आज सविस्तर लिहितो.

बंदुकांच्या लढाईच्या या गेमची मूळ बांधणी फार चांगली आहे. चौघांविरुद्ध चौघे, सुरुवातीला सगळ्यांच्या हातात तीच हत्यारं आणि अंगावर तेवढीच शिल्ड, म्हणजे मार झेलणारं कवच. कोणी वर्षभर जास्त खेळलाय म्हणून त्याची गोळी जास्त लागत नाही, आणि पैसे भरून कोणाला भारी बंदूक मिळत नाही. रॉकेट, स्नायपर, जादा कवच देणारी ओव्हरशिल्ड हे सगळं मॅपवर ठरलेल्या जागी येतं. ज्याला वेळ आणि वाट लक्षात राहते त्याच्या हाती ते लागतं.

हे मला लगेच ओळखीचं वाटलं. तुझ्या जन्माच्या आधी, 2002-03 च्या सुमाराला, नव्या पेठेत एका सायबर कॅफेत आम्ही मित्र ताशी पैसे देऊन क्वेक थ्री अरेना खेळायचो. लाल चिलखत उचललं की ते 25 सेकंदांनी परत यायचं. समोरच्याशी लढता लढता मी मनात आकडे मोजायचो आणि चोविसाव्या सेकंदाला तिथे हजर असायचो. अरेना शूटर म्हणतात ते हेच. नेम लागतोच, पण मॅप डोक्यात असावा लागतो.

फरक कंट्रोलरचा आहे. क्वेकचा वेग माउससाठी होता, मनगट झटकलं की गडी मागे वळला. अंगठ्याने स्टिक ढकलून ते जमत नाही. 2001 च्या नोव्हेंबरात बंजीचा पहिला हॅलो आला, त्याने ही अडचण फार समजून सोडवली असं माझं मत आहे. चाल संथ ठेवली. थोडा वेळ मार बसला नाही की आपोआप भरणारी शिल्ड दिली. ग्रेनेड आणि ठोसा यांना वेगळं बटण दिलं, म्हणजे बंदूक हातात असतानाच दोन्ही करता येतात. नेम शत्रूजवळ गेला की तो किंचित रेंगाळतो, तेवढी मदत अंगठ्याला मिळते. काही जण या मदतीला लबाडी म्हणतात, मला ते पटत नाही. ती काढून टाकली तर कंट्रोलरवर हा खेळच उरणार नाही.

शिल्डचा खरा उपयोग मला धाकटीमुळे कळला. ॲक्वेरियस मॅपवर झेंड्याचा डाव चालला होता, समोरच्यांचा झेंडा पळवून आपल्याकडे आणायचा. टीव्हीचे दोन भाग केलेले, वरच्यात मी, खालच्यात ती. तिची शिल्ड संपली, धोक्याचा आवाज सुरू झाला, आणि ती घाबरून मोकळ्यात पळायला निघाली. मी म्हटलं, "थांब गं, खांबाआड बस." ती श्वास धरून बसली. शिल्ड भरत चालल्याचा आवाज आला तशी ती सरळ झाली, कोपऱ्यावर ग्रेनेड टाकला, बॅटल रायफलचे तीन-तीन गोळ्यांचे दोन फटके मारले, आणि पुढे होऊन ठोसा. पाठीत मार खाल्लेल्या माणसाला वळून उभं राहायला या गेममध्ये सवड मिळते. एका गोळीत संपणाऱ्या गेममध्ये नऊ वर्षांच्या पोरीला हे कधी जमलं असतं?

आता दोष. पहिला तुलाही माहीत आहे. मी भिंतीआड गेलेलो असतो, पडद्यावर स्पष्ट दिसतं, आणि तरी मरतो. माझ्या पडद्यावरचं चित्र आणि सर्व्हरकडचं, म्हणजे मॅच चालवणाऱ्या कॉम्प्युटरकडचं, चित्र जुळत नाही. मागावर आडवा दोरा नेणारा धोटा मधोमध असताना ताण्याचे, म्हणजे उभे, दोरे मिटले तर दहा-बारा दोरे एकदम तुटतात. विणकराचा हात चुकलेला नसतो, मागाची वेळ चुकलेली असते. इथे तसंच होतं, आणि ज्या खेळाची सगळी मजा समान संधीत आहे तिथे ते जास्त बोचतं. रँक्ड खेळणार असशील तर हॉस्टेलच्या वायफायवर खेळू नकोस. दोष पुरता जाणार नाही, पण केबल लावलीस तर थोडा कमी होईल.

दुसरा दोष बक्षिसांचा. 15 नोव्हेंबर 2021 ला मल्टिप्लेयर फुकट सुरू झाला तेव्हा मॅच खेळून, जिंकून बॅटल पास, म्हणजे पायरी-पायरीने मिळणारी बक्षिसं, पुढे सरकत नव्हता, फक्त चॅलेंज, म्हणजे नेमून दिलेली कामं, पूर्ण करून सरकायचा. मग आपल्या टीमचा गडी झेंडा सोडून अमुक बंदुकीने अमुक जण मारायला निघून जायचा. तू तेव्हा किती चिडायचास ते आठवतंय. पुढे मॅचचेही गुण मिळायला लागले, आणि घेतलेला बॅटल पास मुदत संपून बाद होत नाही ही गोष्ट मला मनापासून आवडते. पण पहिला सीझन सहा महिने चालला, तेच ते मॅप फिरत राहिले, आणि तुझे निम्मे मित्र त्याच काळात गेम सोडून गेले. नुसती बांधणी चांगली असून भागत नाही, माणसं टिकावी लागतात.

मला सगळ्यात लागलेली गोष्ट मात्र वेगळीच. आपण दोघांनी मिळून कॅम्पेन, म्हणजे गेममधली सलग गोष्ट, खेळायचं ठरवलं होतं. एका टीव्हीवर दोघांनी कॅम्पेन खेळण्याची सोय येणार असं कंपनीने सांगितलं होतं, आणि 2022 च्या सप्टेंबरात ती रद्द केल्याचं जाहीर केलं. नंतर ऑनलाइन सोय आली, पण त्यासाठी आपल्या एकाच घरात दोन एक्सबॉक्स आणि दोन टीव्ही लागले असते. तू तेव्हा बारावीत होतास. क्लासहून आल्यावर अर्धा तास माझ्याशेजारी बसायचास, तो अर्धा तास मला त्या कॅम्पेनसाठी हवा होता. मॅचेस दोघांना खेळता येतात म्हणून आपण त्या खेळलो, पण गोष्ट राहून गेली ती गेलीच.

तर, खेळ. टीम कर. अनोळखी लोक माइकवर आईबहिणीवरून बोलतात, त्यांना म्यूट करत जा, उत्तर देत बसू नकोस. नवीन मुलं टीममध्ये घेतलीस तर त्यांना पहिल्याच दिवशी रँक्डमध्ये उतरवू नकोस, आधी आठवडाभर बॉटसोबत, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो त्या गड्यांसोबत, खेळू दे. धाकटी तशीच शिकली.

एक्सबॉक्स चादरीत गुंडाळून पेटीत ठेवलाय, पॉवरची आणि टीव्हीची वायर खाली आहे. सोबत आईने शेंगाची चटणी आणि कडक भाकरी दिली आहे. एक कंट्रोलर पाठवतोय. दुसरा धाकटीने दप्तराच्या कप्प्यात ठेवलाय, गड्ड्याच्या यात्रेला तू येशील तेव्हा एक्सबॉक्स घेऊन ये म्हणते. ॲक्वेरियसवर तुला कुठे अडवायचं ते तिने ठरवून ठेवलंय.

तुझे,
अप्पा