नावे ठाऊक नसलेल्यांचे आभार

माझ्या आईला अल्झायमर जडला त्याला आता ६ वर्षे झाली. १९०६ साली डॉ. आलोइस अल्झायमर यांनी प्रथम मांडलेला हा स्मृतिभ्रंशाचा आजार उलटवणारे औषध अद्याप नाही. म्हणून सारी भिस्त माणसांवर असते, आणि अशा काही माणसांचे आभार मला जाहीरपणे मानायचे आहेत.

पहिले आभार गोव्यातील फोंडा बसस्थानकावरील त्या कंडक्टरचे. दिवेलागणीला या रुग्णांची घालमेल वाढते; तशा एका सांजवेळी आई रिकामी पिशवी घेऊन म्हार्दोळला माहेरी जायला निघाली होती, आणि जे घर विकून ४० वर्षे झाली त्याची वाट ती बिनचूक सांगत होती. अलीकडचे आधी पुसले जाते, जुने बराच काळ टिकते. त्यांनी तिला खोटे पाडले नाही. "आजी, गाडीला अवकाश आहे, बसा," म्हणत बाकावर बसवले, पाणी दिले आणि तिच्या बांगडीला बांधलेल्या चिठ्ठीवरून मला फोन केला.

आई पावाचे पैसे दोनदा देते, तेव्हा दुसऱ्यांदा दिलेले गुपचूप माझ्या हाती ठेवणाऱ्या पोदेराचीही, म्हणजे आमच्या पाववाल्याचीही, मी ऋणी आहे.

शेजारच्या वहिनींनी नाव लिहू नकोस म्हणून बजावले आहे. दर गुरुवारी दुपारी त्या दोन तास आईजवळ जाईची फाती, म्हणजे गजरे, गुंफत बसतात. आईची बोटे अजून एकही गाठ चुकत नाहीत. ते दोन तास मी केवळ झोपते. वहिनी, त्या झोपेसाठी मनापासून आभार.