बत्तीस बाटल्या

बांदोडा, फोंडा, गोवा
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

काल लग्न लागलं. ऊस बाबांनी आणला, आवळे-चिंचा शेजारून आल्या. तुझा फोन आला तेव्हा मी प्रसादाचे फोव (पोहे) वाटत होते, म्हणून धड बोलता आलं नाही. तिकडे जर्मनीत घड्याळं मागे गेल्यापासून साडेतीन तासांचं अंतर साडेचारांवर गेलंय, ते माझ्या डोक्यात काही बसत नाही. दोनदा तुला वर्गात असताना फोन लावला, त्याबद्दल रागावू नकोस.

फोनवर तू चटकन विषय बदलतेस, म्हणून लिहायला बसले. पत्रात मला कोणी मध्येच तोडत नाही.

गेल्या आठवड्यात तू हसत म्हणालीस, ‘आई, इथे दुकानातल्या मशीनमध्ये रिकाम्या बाटल्या टाकल्या की पैसे परत मिळतात, मी आज आठ युरो मिळवले!’ मीही हसले. मग रात्री भांडी घासताना हिशेब केला. प्लास्टिकच्या बाटलीमागे 25 सेंट हे तूच सांगितलं होतंस. म्हणजे आठ युरोंच्या झाल्या बत्तीस. आणि लाइपझिगला पोचल्यावर पहिल्याच फोनवर सांगितलं होतंस की पाणी नळाचंच पितेस, विकत कोण घेणार. मग बाय, बत्तीस बाटल्या कोणाच्या?

मी सत्तावीस वर्षं पोरांना गणित शिकवलंय. बेरीज चुकली की मला झोप येत नाही.

बाटल्या गोळा केल्यास यात लाजण्यासारखं काही नाही. मला टोचलं ते तू त्याची गंमत करून सांगितलीस ते. व्हिसासाठी पैसे अडकवून ठेवलेल्या खात्यातून महिन्याला 992 युरोच सुटतात, त्यातून भाडं, विमा जाऊन काय उरतं ते मला कळत नाही का?

आजोबांचं तुला कधी सांगितलं नव्हतं. ते मॅट्रिकसाठी बेळगावला होते, इथे पोर्तुगीज होते. 1955 च्या सत्याग्रहानंतर सीमा बंद झाली आणि त्यांचं घरी येणं राहिलं. कधीमधी हाती पडणाऱ्या पत्रात एकच ओळ, ‘मी खुशाल आहे, काळजी नसावी.’ तुझी पणजी ती पत्रं देवघरात ठेवायची. आजोबा गेल्यावर ट्रंकेत त्यांची हिशेबाची वही सापडली. खानावळीच्या पानावर दोन महिने रात्रीच्या जेवणासमोर नुसती रेघ मारलेली. पणजीला हे शेवटपर्यंत कळलं नाही. खोटं बोलायची ही रीत आपल्या घरात जुनीच आहे, तू काही नवीन केलं नाहीस. (परीक्षेत 1.3 मिळाले म्हणालीस तेव्हा मीही सगळ्यांना ‘बरे पडले’ एवढंच सांगितलं होतं. तिकडे 1.0 सगळ्यात वरचा आणि 5.0 म्हणजे नापास, हे कळल्यावर मग पेढे वाटले.)

काम शोधलंस तर शोध. पण तुम्हा विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण दिवस कामाची मर्यादा आहे ना, ती ओलांडून कोणी हातात रोख देतो म्हणाला तरी जाऊ नकोस. त्यात व्हिसा अडकेल. पैसे कमी पडले तर आधी इथे सांग. बाबांची स्कूटर अजून दोन वर्षं चालेल, त्यांनीच असं लिहायला सांगितलंय.

रविवारी तिथे दुकानं बंद, पावणेपाचच्या आत सूर्यास्त. त्या दिवशी खोलीत एकटी बसू नकोस. वरच्या मजल्यावरच्या केरळच्या मुलीकडे जा, नाहीतर तिला बोलाव.

पत्र घेऊन येणाऱ्या मुलीबरोबर सोलं (आमसुलं), पेरड (पेरूची वडी), फणसाचे पापड आणि उकड्या तांदळाची पेज करायला दोन किलो तांदूळ देते. दुधाचं आणि मांसाचं तिकडे आणू देत नाहीत, म्हणून पेढे नाहीत. सोलं ओली झाली तर कागदावर पसरून ठेव.

रविवारी मी फोन करीन, तुमच्या दुपारी एकला. काय जेवलीस ते सांग. नुसतं ‘जेवले’ चालणार नाही.

तुझी,
आई