माळ्यावरचा सामुराई आणि रिकामं कपाट : ठाणेकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

चरईतली एक जुनी चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झाली, तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक रद्दीवाल्याकडे जाता जाता आमच्या इतिहास मंडळाकडे आली. आत 47 फोटो. अंगात साखळीचं चिलखत आणि हातात दांडपट्टा असलेला शिलेदार, पगडीवर पोलादी चक्रं चढवलेला निहंग (शीख योद्धा), कमरेला कुकरी लावलेले गुरखे आणि चक्क शिंगांच्या शिरस्त्राणातला एक जपानी सामुराई! तो इथे कसा पोचला यावर मंडळात पैजा लागल्या आहेत.

हे शिवकाळातले मावळे का, असं बरेच जण विचारतात. तसं नाही. शिवकाळ तर सोडाच, त्याच्या कितीतरी नंतर मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला तो 1737 मध्ये आणि छायाचित्रणाची कला जगापुढे आली 1839 मध्ये. त्या लढाईतल्या कुणाचा फोटो असणं शक्यच नाही. पण म्हणून या फोटोंचं मोल कमी होत नाही. संग्रहालयात पट्टा काचेआड आडवा पडलेला असतो; कोपरापर्यंत हात आत घालून तो कसा पेलतात, ते फोटोतच कळतं. जपानात 1876 च्या हुकमाने सामुराईंच्या कमरेची तलवार उतरली, आपल्याकडे 1878 चा हत्यार कायदा आला. त्या आसपासचा हा ऐवज. अर्थात स्टुडिओवालेही हुशार होते: दोन वेगळ्या वीरांच्या हाती हुबेहूब एकच ढाल आहे, काठावर पोचा तोच!

यातले बरेच फोटो अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर छापलेले आहेत. खाडीकाठची दमट हवा त्यांना सोसत नाही. अकरा फोटोंवर बुरशी धरली आहे, दोन कसरीने खाल्ले आहेत.

स्कॅनिंग आणि आम्लविरहित कागदाचं पाकीट मिळून एका फोटोला साधारण 350 रुपये लागतील. एका फोटोचा खर्च उचललात तरी पुष्कळ. लोखंडी कपाट हवं आहे, वापरलेलं चालेल, फक्त गंजकं नको. आणि पैशांहून निकडीचं म्हणजे मोडी वाचणारं माणूस. सात फोटोंच्या पाठीवर मोडीत मजकूर आहे आणि आमच्यात दोघे जण दोन वेगवेगळे अर्थ लावून बसले आहेत.

तुमच्या घरी पणजोबांचा असा फोटो असेल तर जरूर आणा. तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच परत देऊ. तोवर कृपा करून त्याला लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, पाठीवर बॉलपेनने नाव लिहू नका. खरी तलवार मात्र आणू नका; मागे एक काका भाजीच्या पिशवीतून घेऊन आले होते, त्यांना रिक्षाने घरी सोडावं लागलं.

मंडळाची खोली दर शनिवारी संध्याकाळी 5 ते 8 उघडी असते. पावती घेतल्याशिवाय कुणाच्याही हाती पैसे देऊ नका, आमच्यासुद्धा.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते, चरई, ठाणे