तिलाच विचारलंत, म्हणून

प्रिय मॅडम,

सेरेब्रल पाल्सी (वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर येणारी मर्यादा) म्हटलं की मोजमापं आलीच. पाय किती सरळ होतो, ताठरपणा किती, जीएमएफसीएस या हालचालींची क्षमता ठरवणाऱ्या श्रेणीतल्या पाचपैकी पातळी कोणती. हे सगळं लागतंच, आणि तुम्हीही मोजलंत. पण त्याआधी तुम्ही माझ्या लेकीला विचारलंत, "तुला काय त्रास होतो?"

तिची जीभ जड आहे, एक वाक्य पुरं व्हायला वेळ लागतो. मी सवयीनं उत्तर द्यायला पुढे झाले, तर तुम्ही हातानंच मला थांबवलंत. (तेव्हा राग आला होता, खरं सांगते.) तिनं सांगितलं, रात्री कूस बदलताना खुब्यात दुखतं. लगेच एक्स-रे झाला. खुबा जागेवरून सरकू लागला होता. सेरेब्रल पाल्सी असलेल्या साधारण तीनातल्या एका मुलाचा खुबा सरकतो, हे तुमच्याकडूनच कळलं. वेळेवर उपचार झाले, ती रात्रभर झोपू लागली आणि दिवसभराची चिडचिडही ओसरली. तिच्या 'स्वभावा'वर आजवर किती सल्ले ऐकले होते!

युरोपातला एक अभ्यास तुम्ही मला समजावला होता. 2007 साली प्रसिद्ध झालेला, सेरेब्रल पाल्सी असलेल्या 8 ते 12 वर्षांच्या मुलांचा. ज्यांना स्वतः उत्तरं देता आली, त्यातली बहुतेक मुलं आपल्या आयुष्याबद्दल समवयस्कांइतकीच समाधानी होती. दुखणं असलं की मात्र सगळ्याच बाबतीत समाधान घटत होतं. ताणाखालच्या पालकांना मुलाचं आयुष्य अधिक वाईट वाटतं. उलट, मुलाला फार दुखत असेल तर मूल स्वतः सांगतं त्यापेक्षा पालकांना त्याचं आयुष्य बरं वाटतं. हे वाक्य मी तुम्हाला दोनदा सांगायला लावलं होतं.

दुखणं कमी झाल्यावर तिच्या मागण्या सुरू झाल्या. खेळाच्या तासाला थेरपी नको. तुम्ही वेळ बदललीत. आता ती मैदानावर गुण मोजते आणि भांडतेही. दुसरी मागणी माझ्याबद्दल होती: मधल्या सुट्टीत आईनं वर्गात यायचं नाही, मैत्रिणी गप्प होतात. ती मला थेट सांगता आली नाही, म्हणून तुमच्यामार्फत आली. तुम्ही ती जशीच्या तशी पोचवलीत, गोड करून नाही. त्याबद्दल विशेष आभार.

पुढच्या भेटीत तिला नव्या व्हीलचेअरबद्दल बोलायचं आहे. मी बाहेर बसायचं, असं आत्ताच बजावलं गेलंय.

तुमची ऋणी,
एक आई